इबुकीचं बारसं

मार्गशीर्षातली सकाळ. अजिंक्यताऱ्याच्या माथ्यावरून उतरलेलं केशरपिवळं ऊन साताऱ्याच्या कौलांवर जरा रेंगाळलं, आणि मग नीळकंठरावांच्या घरात, शेवंतीने मढवलेल्या पाळण्यावर येऊन टेकलं.

पाळण्यात बारा दिवसांचा नातू. आई ऋचा इथली, बाप तेत्सुया जपानचा. नीळकंठरावांनी चाळीस वर्षं जपानी वाचलं. जपान पाहिलं नाही. नाव त्यांनीच शोधलं होतं. इबुकी. म्हणजे श्वास, हिवाळा सरताना मातीतून उमटणारा मंद, उबदार, अदृश्य श्वास.

सुंदर नाव, विरळ नाव. पण पुस्तकात भेटलेलं नाव. पोराला तिकडे जन्म काढायचा. तिकडचे लोक हसले तर? जावई सासऱ्याला नाही म्हणणार नाही. म्हणून काल आलेल्या त्याच्या बहिणीला, तोमोएला, त्यांनी भीतभीत विचारलं होतं.

"दुर्मिळ आहे, नीळकंठ-सान," ती अदबीने म्हणाली होती. कौतुक, की नुसती समजूत? त्या रेशीमतलम नम्रतेपलीकडचं त्यांना वाचता येईना.

"खोकल्याचं औषध वाटतंय हो," शेजारच्या मंदाकाकू म्हणाल्या.

"काकू, तुमच्या नातवाचं नाव काढू का आता?" ऋचा म्हणाली. काकू हसल्या.

कानात नाव आत्याने सांगायचं, एवढं तोमोएला समजावलं होतं. पाठीत बुक्के बसतात, हे सांगायचं राहिलं. ती वाकली मात्र, बायकांनी "कुर्र" करत धपाधप सुरुवात केली. काहीतरी चुकलंच, असं समजून ती वळली आणि एकेकीपुढे कमरेत वाकून क्षमा मागू लागली. मंदाकाकूंपुढे दोनदा. हसू उसळलं. नाव ओठांतच राहिलं.

नीळकंठराव पुढे आले. पुस्तकी जपानीत, अडखळत म्हणाले, "ही इथली रीत आहे. मारतील, थांबू नका. पण नाव पटलं नसेल, तर दुसरं सांगा. अजून सांगितलेलं नाही."

तोमोएने त्यांच्याकडे पाहिलं. मग बाळाकडे पाहिलं. मग वाकली.

बुक्के पडत राहिले. ती थांबली नाही.

"इबुकी." पुन्हा, "इबुकी." नावामागे आदराचं 'सान' नाही, अदब नाही, संकोच नाही. स्वयंपाकघरातून घरच्या पोराला हाक मारावी, तसं. "इबुकी."

त्या हाकेने बाळाच्या कानाजवळचं काळंभोर, रेशमी जावळ हललं, थरथरलं, आणि हळूच, अगदी हळूच, पुन्हा निजलं.