मामाच्या काकवीचे दोन चमत्कार

“फिट गेली! वर गर्भनिरोधक गोळी चालू असताना देवानं मूल दिलं! बोला, एका बाटलीत दोन चमत्कार!” आमचा प्रवचनकार ब्रदर हॅस्केल गरजला आणि केंटकीच्या डोंगरातलं आमचं चर्च ‘आमेन’नं दणाणलं. बायका डोळे पुसू लागल्या. माझी बहीण ओपल तेवढी भेदरून बसली होती.

हॅस्केल आमचा सख्खा मामा. आई गेल्यावर त्यानंच आम्हाला वाढवलं. ओपलला अपस्मार. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, मूल हवं असेल तर आधी सांग, औषध बदलावं लागेल. म्हणून ती गर्भनिरोधक गोळी घ्यायची. मग मामानं प्रार्थना म्हणून ‘अभिषिक्त’ केलेली काकवी दिली, रोज चमचाभर. तिनं फिटचं औषध सोडलं, गोळी मात्र कधी चुकवली नाही. तरी दिवस गेले.

मी काकवी चाखली. आमच्याकडे काकवी गोड ज्वारीच्या ताटांच्या रसाची; ती कडू कशी? ओपलला बाटलीसकट दवाखान्यात नेलं.

रक्त आणि काकवी तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “यात फेनोबार्बिटल आहे. फिटचं जुनं औषध. त्यानं फिट थांबते, पण गर्भनिरोधक गोळीचा असर शरीर लवकर संपवून टाकतं. बाळालाही ते बाधू शकतं.”

“ओतूनच देते!” ओपल म्हणाली.

“अजिबात नको! एकदम सोडलंस तर मोठी फिट येईल. हळूहळू बदलू. हे दिलं कुणी? हल्ली इथं बहुतेक कुत्र्यांनाच देतात हे.”

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मामाच्या म्हाताऱ्या कुत्र्याला, डस्टीला, फिट यायच्या.

रविवारी चर्चमध्ये साक्षीच्या वेळी, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उठून सांगायच्या वेळी, ओपल उभी राहिली.

“बस पोरी, मागाहून बोलू,” मामा म्हणाला.

“साक्ष चालू असताना मध्ये बोलायचं नसतं, मामा. तूच शिकवलंस.” ती थांबली नाही. “तुला बाप मानलं मी, आणि तू मला कुत्र्याच्या गोळ्या कुटून चारल्यास.”

“तुझ्या फिट थांबल्या ना?”

“थांबल्या. औषध आहे एवढं सांगितलं असतंस, तर मी डॉक्टरांना विचारलं असतं. आता बाळाला काही झालं तर नाव कुणाचं घेशील? देवाचं?”

त्या माणसाचा मला आजही संताप येतो.

बायांनो, फिटचं औषध आणि गर्भनिरोधक गोळी एकमेकांत ढवळाढवळ करू शकतात. दोन्हींबद्दल डॉक्टरांना सांगा आणि मनानं काही सोडू नका. कुणी बाटली हातात दिली, तर आत काय आहे ते आधी विचारा.

त्या रविवारी ते विचारलं मागच्या बाकावरच्या वर्नाकाकूंनी. पर्समधून तसलीच बाटली काढून त्या म्हणाल्या, “ब्रदर, माझ्या लेकीच्या बाटलीत काय घातलंयस?”