पाहिजे म्हटल्याचा दंड

"गेली ना सत्ती! अगं, तोंड उघडलं असतंस तर काय दात पडले असते?" मी हातातली पानं खाली आपटली.

सुला नुसती हसली. बदामाची सत्ती तिला हवी होती, हे तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. यशोदाबाईंनी ती टाकली, पुढची पाळी सगुणाची, तिला ती नको होती. तरी ही बया गप्पच!

ही कंत्राट रमी आमच्या ह्यांनी देवळालीच्या लष्करी मेसमधून आणली. तिथं ते वाढपी होते. नाशकात द्वारकेजवळच्या आमच्या चाळीत दुपारी आम्ही चौघी ओट्यावर खेळायला बसायचो. डाव सात, आणि प्रत्येक डावाचं कंत्राट वेगळं. पहिल्यात तीन-तीन सारख्या पानांचे दोन गट लावायचे, दुसऱ्यात एक गट आणि एक लागोपाठची ओळ, असं ते चढत जायचं. कंत्राट पुरं झाल्याशिवाय एकही पान खाली मांडायचं नाही. दुसरीनं टाकलेलं पान आपली पाळी नसताना हवं असेल, तर मोठ्यानं 'पाहिजे' म्हणायचं. पण त्याचा दंड म्हणून गड्डीतलं एक झाकलेलं पानही उचलायचं. ते बरं निघो की वाईट, हातात ठेवावंच लागतं.

सुला सगळं पटकन शिकली, तेवढं 'पाहिजे' सोडून.

तिचं सगळंच तसं. नवरा गेला तेव्हा सासूनं, ठमाबाईनं, तिला पांढऱ्या पायाची म्हणून वणीच्या घरातून हाकललं आणि तिची पोरगी शेवंता ठेवून घेतली. ही मुकाट नाशकात आली, माझ्या शेजारच्या खोलीत एकटी राहू लागली. सकाळी मार्केटात दाभणानं कांद्याच्या गोण्या शिवायची. रात्री शेवंताचा झगा शिवून उशाशी ठेवायची, पण सासूकडं पोर परत मागायची नाही. मला असा राग यायचा ना तिचा!

एकोणऐंशी सालच्या उन्हाळ्यात एका दुपारी तिचे थोरले दीर खंडेराव आले. आमचा पाचवा डाव चालू होता. ओट्याच्या कडेला टेकले, पाणी प्यायले.

"शेवंता तिकडं रुळली हाय आता," ते म्हणाले. "कायमची तिकडंच राहू दे. तुझं काय म्हणणं नाय ना?"

सुलानं पानांवरून नजर उचलली. मी ओरडायला तोंड उघडलंच होतं.

"भाऊजी," ती म्हणाली, "माझी पोरगी मला पाहिजे."

खंडेरावांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"मंग म्हातारीलाबी ने," ते म्हणाले. "अंग लुळं पडलंय तिचं. पोरगीच सारं करती तिचं. ती गेल्यावर कोण बघंल? नेशील तर दोघींना, नायतर कोणालाच नाय."

म्हणजे लेकराला याच्यासाठी ठेवून घेतलं होतं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांना वाटलं, आता ही माघार घेणार. मलाही तसंच वाटलं.

सुलानं हातातली पानं नीट जुळवली आणि पालथी ठेवली.

"एस्टीनं नका आणू त्यांना," ती म्हणाली. "बसवणार नाही. टेम्पो करा, खाली गादी टाका."

त्यानंतर आमचा अड्डा सुलाच्या खोलीत हलला, कारण तिला ठमाबाईला सोडून येता येईना. शेवंता शाळेत जायला लागली. म्हातारी बाजेवरून करवादायची, "कुटा, नुसते पत्ते कुटा!" आम्ही ऐकून घ्यायचो.

एके दिवशी डाव रंगात आला होता. मी किलवरचा गुलाम टाकला. पुढची पाळी यशोदाबाईंची, त्यांना तो नको होता. तेवढ्यात म्हातारी कण्हली. सुला उठली, तिला कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली, हात धुऊन परत आपल्या जागी बसली.

"पाहिजे," ती म्हणाली.

गुलाम घेतला, मग गड्डीतलं झाकलेलं पान उचलून पाहिलं.

"कसलं निघालं गं?" मला राहवेना.

तिनं ते पान हातातल्या पानांच्या कडेला खोचलं.

"असू दे, आक्का. लागेल कुठंतरी."