सामानासोबतचा माणूस

मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, फक्त कपडे घेऊन या. इथे सगळं आहे. तुमच्यासाठी घडीचं टेबलही घेतलंय. काम झालं की मिटवून भिंतीला लावायचं."

मी बरं म्हणालो. मला पटकन नाही म्हणता येत नाही. ते सुचेपर्यंत समोरच्याने फोन ठेवलेला असतो. मग माझ्या टेबलाशी बसून राहिलो. जाड लाकडाचं, एक खण कायमचा अडकलेला. यावर मी जन्मभर दुसऱ्यांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासली. कायमचं राहायला जायचं, आणि नुसती कपड्यांची बॅग घेऊन गेलो तर मी तिथे पाहुणाच. मुक्काम लांबलेला पाहुणा.

सामान हलवणाऱ्या कंपनीचा माणूस टेप लावून माप घेऊन गेला. त्याने सांगितलेल्या आकड्यात नवी तीन टेबलं आली असती. रेल्वेच्या पार्सल खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "लाकडी खोका करून आणा, आजोबा. वाटेत दोनदा गाडी बदलेल. टेबलाचा पाय मोडला तर आमच्याकडे येऊ नका."

परतताना गादीच्या दुकानासमोर एक ट्रक रिकामा होत होता. नंबरप्लेट मुलाच्या शहराची. काय बोलायचं ते मनात जुळवत मी ट्रकसमोरून दोनदा पुढे गेलो, दोनदा मागे आलो. शेवटी ड्रायव्हरच म्हणाला, "काका, काही हरवलंय का?"

मी टेबलाचं सांगितलं.

"रिकामाच चाललोय. डिझेलला हातभार लावा, नेतो. पण वाटेत माल भरत जाणार, तीन-चार दिवस लागतील. आणि सामानासोबत माणूस पाहिजे. फुटलं-तुटलं तर नंतर मला कटकट नको."

"माणूस आहे."

"कोण?"

"मी."

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "केबिनमध्ये चढता येईल का?"

"खालून ढकलावं लागेल."

मुलगा भडकला. "विमानाचं तिकीट काढलंय मी. म्हाताऱ्या बापाला ट्रकमधून आणलं, म्हणतील लोक."

"तू कुठे आणतोयस? मी येतोय," म्हणालो आणि त्याच्याआधी फोन ठेवला.

टेबल मीच बांधलं होतं, पुस्तकात बघून. ड्रायव्हरने दोरी जरा ओढली तर गाठ सुटून हातात आली.

"कुणी मारली ही?"

"मीच."

"सोडायला छान आहे," म्हणत त्याने नव्याने आवळली.

चौथ्या दिवशी, अंगाचं भुसकट झालेलं, मी मुलाच्या दारात उभा होतो. ड्रायव्हर आणि मुलगा टेबलाची दोन टोकं धरून जिना चढले. खोलीत येऊन मुलगा धापा टाकत म्हणाला, "आता हे ठेवू कुठे, बाबा? खिडकीपाशी ते दुसरं आहे."

"ते घडीचं आहे ना?" मी म्हणालो. "मग मिटव."