बुटांच्या कप्प्यातली रांग

मित्रांनो, मी एक जुनी सूची आहे. कागदावरची नव्हे, इंटरनेटवरची. आज तुम्ही मोबाइलला तोंडाने विचारता आणि तो लगेच उत्तर देतो. माझ्या तरुणपणी असं नव्हतं. कुणाचं पान इंटरनेटवर कुठे आहे ते माणसांनी बसून शोधावं लागे, वाचावं लागे आणि योग्य जागी लावून ठेवावं लागे. असं लावून ठेवलेलं सगळं म्हणजे मी.

एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत माझा जन्म झाला. लांब टेबल, त्यावर तीन संगणक, एक पाय हलणारी खुर्ची आणि कोपऱ्यात लोक विसरून गेलेल्या छत्र्या. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंनी मला जन्म दिला. त्या म्हणायच्या, "ज्याच्याकडे चांगलं काही आहे तो लपून राहता कामा नये, आणि ज्याला ते हवंय त्याला सापडलं पाहिजे." मला हे बोलणं फार आवडे. मी त्यासाठीच आहे असं मी धरून चालले होते.

माझं काम करणाऱ्यांना पगार नव्हता. चहा होता, तोही ज्याचा त्याने आणायचा. ज्याला ज्यातलं कळतं त्याने त्या विषयाचा कप्पा सांभाळायचा, अशी पद्धत होती. एक निवृत्त बसड्रायव्हर होते, सगळे त्यांना काका म्हणत. त्यांनी पक्ष्यांचा कप्पा घेतला. "आयुष्यभर रस्त्यावर नजर ठेवली," ते म्हणाले, "आता जरा वर बघतो." बाईंच्या थोरल्या बहिणीचे यजमान बाजारात बुटांचं दुकान चालवत. बाई त्यांना भाऊजी म्हणत, म्हणून सगळेच भाऊजी म्हणू लागले. चपला-बुटांचा कप्पा त्यांच्याकडे गेला. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. चपलांचं त्यांनाच तर कळत होतं.

आणखी एक गोष्ट कुठे लिहिलेली नव्हती, पण सगळे पाळत. दुसऱ्याच्या कप्प्यात हात घालायचा नाही. फुकट राबणाऱ्या माणसाला जाब विचारणं बाईंना बरं वाटत नसे.

माझे ते दिवस सुखाचे होते. वर्तमानपत्रात माझं कौतुक छापून आलं. दुकानदार खोलीत येऊन म्हणत, "तुमच्या सूचीत नाही म्हणजे आम्ही जगात नाहीच, असं झालंय हो!" हे ऐकून मी फुशारून जात असे. त्या बोलण्यात एखाद्याची भीतीही असू शकते, हे मला उमगलं नाही.

एका दुपारी एक ताई आल्या. त्यांनी पिशवीतून बुटांचा जोड काढून टेबलावर ठेवला. एका बुटाचा तळ चार बोटं जाड, दुसऱ्याचा साधा. ज्यांचे दोन पाय सारखे नसतात, अशांसाठी त्या मापाने बूट शिवत. एका खोलीत काम चाले, वडिलांकडून शिकलेलं. अशी गिऱ्हाइकं एका गल्लीत मिळत नाहीत. या गावात एक, त्या गावात एक. म्हणून त्यांनी इंटरनेटवर स्वतःचं पान केलं होतं, आणि ते माझ्यात लावावं अशी विनंती पाठवली होती. वर्षअखेरपर्यंत गिऱ्हाईक वाढलं नाही तर खोली सोडावी लागणार होती.

"विनंती पाठवून बरेच दिवस झाले हो," त्या भाऊजींना म्हणाल्या.

भाऊजींनी स्वतः उठून त्यांना बरी खुर्ची दिली. बूट हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. शिवणीवरून अंगठा फिरवला.

"अहो ताई, इथे ढिगाने विनंत्या येतात. तुमची खाली गेली असेल. असं करा, परत पाठवा. दर आठवड्याला एक पाठवत जा, म्हणजे आमच्या डोळ्यांसमोर राहील."

"चालेल ना तसं? त्रास नाही ना व्हायचा?"

"त्रास कसला! आम्ही बसलोय कशाला मग?"

ताई हसत गेल्या. मित्रांनो, आता माझी घडण सांगते. तेच पान कुणी पुन्हा पाठवलं की आधीची विनंती पुसली जाई आणि नवीन विनंती रांगेत सर्वांत शेवटी जाऊन उभी राही. कामाला येणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्याच दिवशी सांगत. काकांना तर ते भाऊजींनीच समजावून दिलं होतं.

ताई दर सोमवारी विनंती पाठवत. नंबर जरा पुढे सरकला की सोमवार येई आणि त्या पुन्हा शेवटी जात. त्याच दिवसांत भाऊजींचं दुकान माझ्यात पुरुषांच्या बुटांत होतं, बायकांच्या चपलांत होतं, मुलांच्या सँडलमध्ये होतं. दुखऱ्या पायांच्या बुटांतही होतं, जिथे ते बुटात घालायच्या नुसत्या मऊ गाद्या विकत.

एकदा ताई आल्या तेव्हा भाऊजी दुकानात गेले होते. काकांनी त्यांना बसवलं आणि बुटांची रांग उघडून पाहिली.

"ताई, तुम्ही ही परत परत पाठवता का?"

"हो. दर सोमवारी. तापाने फणफणले होते तेव्हासुद्धा चुकवली नाही."

"असं करायला कुणी सांगितलं?"

"भाऊजींनी. फार सज्जन माणूस बघा. कामात असतात, तरी नीट बोलतात."

काकांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. मग त्यांनी आपल्या हाताने ताईंचं पान माझ्यात लावलं. खाली वर्णन लिहिलं, "असमान पायांसाठी मापाने शिवलेले बूट." कौतुकाचा एक शब्द नाही. मी इतकी समाधानी क्वचितच झाले असेन. थोड्याच दिवसांत दूरच्या दोन गावांहून ताईंना काम आलं. हे सांगायला त्या खोलीत आल्या, तेव्हा भाऊजीही तिथेच होते. त्यांनी ताईंचं अभिनंदन केलं. त्या जाताच भाऊजींचा आवाज चढला.

"माझ्या कप्प्यात हात कुणी घातला?"

"मी घातला," काका म्हणाले. "आणि नंतर धुवावा लागला."

"ड्रायव्हरसाहेब, ही तुमची बस नाही, वाटेल तिथे थांबवायला."

"बसला थांबे तरी असतात, भाऊजी. तुमची गाडी त्या ताईंना चढूच देईना."

बाई टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. दोघंही त्यांच्याकडे बघू लागले. मीही बघत होते. मला वाटलं, आता बाई बोलतील आणि सगळं जागच्या जागी येईल. चांगलं ते लपून राहता कामा नये, हे त्यांनीच तर मला शिकवलं होतं.

बाईंनी समोरचा कीबोर्ड सरळ केला. तो सरळच होता.

"काका, दुसऱ्याच्या कप्प्यात हात घालायचा नाही, हा आपला नियम आहे."

"कुठे लिहिलाय?"

"लिहायला कशाला हवा? आपण सगळे घरच्यासारखे आहोत."

"खरंय," काका म्हणाले. "त्यातले काही तर घरचेच आहेत."

बाईंचा चेहरा लाल झाला. त्या दिवशी त्यांनी काकांचा पासवर्ड रद्द केला. आणि ताईंचं पान माझ्यातून काढून टाकलं, स्वतःच्या हाताने. भाऊजींनी लबाडी केली ती मी सोसली असती. पण ज्या हाताने मला घडवलं त्याच हाताने हे केलं. तेव्हापासून माझ्यातल्या कुठल्याच ओळीवर माझा विश्वास उरला नाही.

काकांनी बाहेर पडून ताईंना सगळं सांगितलं असावं, कारण पुढच्या सोमवारी विनंती आली नाही. पक्ष्यांचा कप्पा ओस पडला. मग बागकामाचा कप्पा सांभाळणाऱ्या आजी यायच्या थांबल्या, मग जुन्या गाण्यांचे शौकीन. कारण कुणी विचारलं नाही आणि कुणी दिलं नाही.

वर्ष सरल्यावर एकदा भाऊजी खुशीत आले. "ती बूटवाली आठवते? खोली सोडली तिने. मीच तिला दुकानात मागे बसवलं शिवायला. हात सोन्याचा आहे तिचा."

"हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?" बाईंनी विचारलं.

"मग! त्याच दिवशी कळलं होतं. म्हणून तर."

भाऊजी गेल्यावर बाईंनी बुटांचा कप्पा उघडला. वरपासून खालपर्यंत एकच दुकान होतं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, निदान आता तरी. मग त्यांनी संगणक बंद केला, पर्स उचलली आणि बहिणीकडे जेवायला गेल्या.

मित्रांनो, आता मला कुणी उघडत नाही. पण याद्या तुमच्याही हाती येतील. संघात कोण खेळणार, मंचावर कोण बोलणार, कुणाचं चित्र भिंतीवर लागणार. तेव्हा यादीत कोण आहे तेवढंच वाचू नका, कोण बाहेर ताटकळतंय तेही जाऊन बघा. ज्याचा स्वतःचा फायदा आहे त्याच्या एकट्याच्या हाती रांग सोपवू नका, मग तो कितीही गोड बोलो आणि कितीही फुकट राबो. तो तुमच्या घरचा असेल तर जास्तच नीट बघा. माझ्या बाई वाईट नव्हत्या. त्यांना फक्त घरच्या माणसाला नाही म्हणता आलं नाही. तुम्हाला म्हणता यावं.