पंधरा की दीड?

मी बोलतोय. मला तोंड नाही, आवाजही नाही, तरी बोलतोय. कारण माझ्याविषयी बरंच वेडंवाकडं बोललं गेलं आहे.

पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात, पंपांच्या शेजारच्या खोलीत एक काळा पडदा आहे. त्यावर ना चित्रं, ना बटणं. पांढऱ्या अक्षरांत प्रश्न उमटतो, माणूस उत्तर लिहितो, यंत्र हलतं. त्या उत्तराला आत सोडायचं की दारातच थांबवायचं हे ठरवणारा तपासनीस म्हणजे मी. प्रोग्रामच्या उंबरठ्यावर बसलेल्या मूठभर ओळी, एवढाच माझा देह.

माझा जन्म एका चुकीतून झाला, आणि ती कोणाची होती यावर माझं ठाम मत आहे.

पूर्वी इथे पाण्यात क्लोरीन किती सोडायचं ते एका पितळी चकतीवर ठरे. लिटरमागे दीड मिलिग्रॅम हवं तर काटा पंधरावर, दोन हवं तर वीसवर. इथल्या माणसांची जीभच तशी वळलेली. "आज पाणी गढूळ आहे हो, अठरावर ठेवा." "ठेवलं अठरावर." पाळी बदलताना हेच, जेवताना हेच. सध्याचे साहेबसुद्धा उमेदवारीत हीच चकती फिरवत होते, आणि ती फिरवायला त्यांना शिकवलं मामांनी. मामा म्हणजे इथले सगळ्यांत जुने यंत्रचालक. सख्खे मामा कोणाचेच नाहीत, पण सगळे त्यांना मामाच म्हणतात.

मग चकती गेली आणि काळा पडदा आला. त्याने विचारलं, "क्लोरीन लिटरमागे किती मिलिग्रॅम?" मामांनी पाण्याकडे बघितलं आणि हाताच्या सवयीने लिहिलं: 18.

यंत्राने ते निमूट गिळलं. "अहो, हे दहापट होतंय" असं चकार शब्दाने म्हणालं नाही. दुपारपर्यंत शहरातल्या नळांना असा उग्र वास सुटला की लोकांनी नाकाला रुमाल लावले. टाक्या उपसाव्या लागल्या, नळ कोरडे पडले. कोणाला इजा झाली नाही, हे नशीब.

चौकशी बसली. निष्कर्ष निघाला: कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा. आजही ते शब्द आठवले की माझं डोकं फिरतं. जे यंत्र पुढ्यात येईल ते गिळतं, त्याला कोणी जाब विचारला नाही. ज्यांनी चकती बदलली पण मोजायची रीत बदलल्याचं सांगितलं नाही, तेही नामानिराळे. खापर फुटलं ते मामांच्या बोटांवर!

त्यानंतर प्रोग्राम लिहिणाऱ्या बाईंना बोलावलं आणि त्यांनी मला घडवलं. बाई तरुण, पण कोणाचं ऐकून घेणाऱ्यातल्या नाहीत. माझ्या अंगात थोडाफार ताठा आहे तो त्यांच्याकडूनच आला असावा. त्यांनी मला शिकवलं: काही न लिहिता नुसतं एंटर दाबलं तर सोडायचं नाही. आकड्याच्या जागी अक्षर आलं तर सोडायचं नाही. 0.2 पेक्षा कमी किंवा 5 पेक्षा जास्त, दोन्हीला मज्जाव. मात्र कोणी मराठीत १.५ लिहिलं किंवा आकड्याच्या मागेपुढे मोकळी जागा सुटली, तर उगाच नाक मुरडायचं नाही. अडवलेला प्रत्येक आकडा टिपून ठेवायचा.

मी कामाला लागलो. मामांनी लिहिलं, 15. मी म्हणालो, "चूक. पुन्हा लिहा."

मामांनी पुन्हा लिहिलं 15, या वेळी कीबोर्डची बटणं जरा जोरात दाबून. माणसांची ही एक गंमत मी फार पाहिली आहे. समोरच्याला कळलं नाही की ती तेच वाक्य मोठ्याने म्हणतात. मी पुन्हा "चूक." ते पुन्हा 15. मग कपाळावर हात मारून, "अरे हो, दीड!" आणि 1.5.

"काय खडूस आहे रे हा!" मामा म्हणाले. तेव्हापासून माझं नाव खडूस पडलं. मला ते आवडलं. नाव ठेवायलासुद्धा आपुलकी लागते.

पण साहेबांनी माझ्या नोंदी वाचल्या आणि खोलीत आले. "मामा, हे काय? रोज तुम्हाला यंत्र अडवतं. तुम्हाला आता हे झेपत नाही. सोमवारपासून तुम्ही फाटकावर बसा."

मामा "बरं" म्हणाले आणि पंपांकडे वळले. पंपांचा आवाज कानावर नसेल तर यांना घास उतरत नाही, सुट्टीच्या दिवशी घरात नुसते येरझारा घालतात, असं मामी एकदा डबा द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या होत्या. तो माणूस फाटकावर बसून काय करणार होता? आणि पुरावा माझा! ज्याला वाचवायला मी जन्मलो, त्याच्याच विरुद्ध माझी साक्ष काढली जात होती, आणि मला "चूक, पुन्हा लिहा" यापलीकडे बोलता येत नव्हतं.

माझ्या वतीने बोलायला बाई आल्या.

"साहेब, हे अडवलेले आकडे आहेत. यातला एकही आत गेला नाही. कुलपाने काम केलं म्हणून घरमालकाला शिक्षा करता?"

"बाई, साधा आकडा लिहायचाय. लहान पोरालाही जमेल."

"मग लिहा तुम्ही. पाणी बघा आणि आजचा आकडा घाला."

"त्यात काय!" साहेबांनी खुर्ची ओढली. काचेच्या भांड्यातलं पाणी उजेडाकडे धरलं, डोळे बारीक केले. जुन्या दिवसांत गेल्यासारखे स्वतःशीच पुटपुटले, "गढूळ आहे थोडं... सोळा ठेवू या." आणि लिहिलं, 16.

इमानाने मी म्हणालो, "चूक. पुन्हा लिहा."

"चूक कसली? बरोबर तर आहे!" आणि त्यांनी पुन्हा 16 लिहिलं.

एव्हाना पाळीवरची बाकी माणसं दाराशी जमली होती. मामा हळूच म्हणाले, "जरा जोरात दाबा, साहेब. मी पण तसंच करतो."

आधी बाईंना हसू फुटलं, मग सगळ्यांना. साहेबांचे कान लाल झाले. ते पडद्याकडे बघत राहिले, मग भिंतीवर उरलेल्या चकतीच्या गोल डागाकडे. "च्यायला, मामा," ते म्हणाले, "तुम्हीच शिकवलंत." आणि उठता उठता, "ते फाटकाचं राहू द्या."

मग बाई मामांच्या शेजारी स्टूल घेऊन बसल्या. "पंधरा लिहिलं की मी आपोआप दीड करू का?"

"छे! यंत्राने मनाने ठरवायचं नाही. त्याला विचारू दे. पण धड विचारू दे, मास्तरासारखं वसकन अंगावर नको."

"मग 'दीड का?' असं विचारून हो-नाही घेऊ?"

"हो तर मी न वाचताच म्हणेन. घरी तेच करतो."

म्हणून आता मी म्हणतो, "15 फार होतं, 0.2 ते 5 यांमध्ये हवं. जुन्या चकतीवरचे पंधरा म्हणायचे असतील तर 1.5 लिहा." आकडा माणसानेच लिहायचा. तेवढ्या वेळात डोकं ताळ्यावर येतं.

आता माझं बरं चाललंय. नळाला वास नाही, मामांना घास उतरतो. तुम्हाला मात्र एक सांगणं आहे: एखाद्या पडद्याने तुम्हाला पुन्हा विचारलं तर तो अपमान समजू नका, विचारलंय काय ते वाचा. आणि प्रश्न लिहिणाऱ्यांनो, माणूस का चुकला ते आधी त्याच्या शेजारी बसून बघा, मग त्याला चूक म्हणा.

आज सकाळी मामा आले, पाणी बघितलं आणि पहिल्याच फटक्यात लिहिलं, 1.5. मी मुकाट्याने आत सोडलं. खरं सांगायचं तर जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं.

मामाही क्षणभर थांबले, पडद्याकडे वाकून बघितलं.

"काय रे खडूस, आज गप्प?"