खाकी कव्हरातलं अस्वल

रुंजीचा राग अस्वलाने गिळला, त्यात सगळ्यात मोठा फायदा केतकीचा होता. तिला दुपारची झोप मिळणार होती, भाजीवाल्यापुढे शोभा होणार नव्हती, आणि मोठ्या शाळेच्या मुलाखतीत ही तिची मुलगी टेबलाखाली जाऊन बसणार नव्हती. तिचा नवरा निखिल पुण्याहून दर शनिवारी कऱ्हाडला येतो. बूट काढायच्या आत त्याला तक्रारी ऐकाव्या लागणार नव्हत्या, म्हणजे तोही फायद्यात. मी केतकीची थोरली जाऊ, शेजारच्या ब्लॉकमध्ये एकटी राहते. आमच्यात भिंत एकच आहे. माझा फायदा एवढाच, की भिंतीपलीकडचं रडणं थांबणार होतं. तो मी बोलून दाखवला नाही.

गिळणं माझ्यादेखतच झालं. रुंजीला वरणभात लाल वाडग्यात हवा होता आणि तो निळ्यात वाढला गेला होता. ती किंचाळत होती, लाथ मारायला एक पाय उचललेला होता. केतकीने बालवाडीतून आणलेलं चित्रांचं पुस्तक उघडलं आणि त्या गोंगाटातच वाचायला लागली, "अस्वलाला आला राग. अस्वलाने राग गिळला." चित्रातल्या अस्वलाने तोंड उघडलं आणि मिटलं. किंचाळी बंद झाली. रुंजीचा पाय थोडा वेळ तसाच वर राहिला. मग तिने तो हळूच खाली ठेवला, दुसऱ्या कुणाची तरी वस्तू ठेवावी तसा.

"बघितलंत, वहिनी?" केतकी म्हणाली आणि तिने पुस्तक मिटलं.

मी त्यावर हात ठेवला. इस्त्री केलेल्या कपड्यासारखं ते ऊबदार लागलं.

"पुढचं वाच की," मी म्हटलं.

"गप्प झाली ना. मग कशाला?"

बालवाडीच्या फडतरे बाईंनी पुस्तक देताना दोन गोष्टी बजावल्या होत्या. दर वेळी शेवटच्या पानापर्यंत वाचायचं. आणि कव्हर घालायचं नाही, मुलांना अस्वल दिसलं पाहिजे. पहिली गोष्ट केतकीने त्याच दिवशी मोडली. दुसरी मोडायला तिला संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं, कारण घरातला खाकी कागद संपला होता.

"नवीन पुस्तक आणि उघडं?" ती कात्री शोधत म्हणाली. "माझ्या हाताला खाज सुटते."

तिला दोष देऊन उपयोग नाही, आमच्या घरात हे पूर्वीपासून आहे. कारखानिसांकडे पुस्तक वाचलं जाईलच असं नाही, पण कव्हर घातलं जातं. आमचे सासरे तर बँकेच्या पासबुकालाही घालायचे. केतकीने कडा दुमडल्या, कोपरे नखाने दाबले आणि वर लेबल चिकटवलं. नाव: रुंजी निखिल कारखानीस. इयत्ता: लहान गट. विषय या शब्दापुढे काय लिहावं ते तिला सुचलं नाही. ती जागा कोरी राहिली.

"अगं, पुस्तक बालवाडीचं आहे. शुक्रवारी परत द्यायचंय."

"नाव असलं की हरवत नाही, वहिनी."

"परत द्यायचं मनात नसलं, की माणसं असंच बोलतात."

ती हसली. पकडलं गेल्याचं तिला फारसं वाईट वाटलं नव्हतं. अंगठ्याने तिने लेबल पुन्हा एकदा घट्ट दाबलं.

शुक्रवार आला आणि गेला. अस्वलाने रुंजीची अंधाराची भीती गिळली. वरच्या मजल्यावरच्या मुलाच्या सायकलीचा हेवा गिळला. रविवारी रात्री बाबा पुण्याला निघाला की ती त्याच्या पायाला मिठी मारून रडायची, ते रडणंही गिळलं. त्या पानावर आगगाडी होती. प्रत्येक वेळी केतकी रुंजीच्या तोंडाकडे बघत वाचायची, आणि तोंड निवलं की भाकरी फुगल्यावर उतरवावी तसं पुस्तक मिटायची. शेवटच्या पानावर काय आहे, ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

पूर्वी घरात भांडण झालं की रुंजी तडक माझ्या दाराशी यायची. मी काहीही केलेलं नसायचं. "काकू, तुझ्याशी कट्टी!" असं ओरडून ती माझं दार धाडकन आपटायची आणि जायची. थोड्या वेळाने दार फटीएवढं उघडायचं आणि बट्टीसाठी दोन बोटं आत यायची. आता दार आपटत नव्हतं. हा तोटा मी कुठे मांडला नाही, कारण तो फायदा म्हणून कधी धरलाच नव्हता.

पुस्तक वाढत होतं. आधी ते टीपॉयवर मावेना, मग दिवाणावर मावेना. खाकी कागद त्याच्याबरोबर वाढत होता, एकही सुरकुती नाही. केतकीने ते हॉलच्या भिंतीला टेकवून ठेवलं आणि वर क्रोशाचा रुमाल टाकला, आलेल्या माणसाला फ्रिज वाटावा म्हणून. रुंजी मात्र हलकी होत चालली होती. पंखा तीनवर लावला की तिची पावलं फरशीवरून सुटायची. केतकीने तिच्या दप्तरात वरवंटा ठेवला.

"मान दुखेल पोरीची," मी म्हटलं.

"तिची काही तक्रार नाहीये."

ते खरं होतं.

शनिवारी निखिल आला. रुंजी दारात उभी राहिली आणि म्हणाली, "या. पाणी आणू?"

निखिलने आधी कौतुकाने बायकोकडे बघितलं. मग मुलीला उचललं आणि ती छतापर्यंत गेली, कारण त्याने नेहमीच्या जोराने उचललं होतं. त्याने तिला खाली ओढून घेतलं.

"वहिनी," तो मला गॅलरीत गाठून हळूच म्हणाला, "ही बरी आहे ना?"

"शहाणी झाली आहे. तुम्हाला हवी होती तशी."

मुलाखत छान झाली. केतकीनेच सगळं सांगितलं, पेढ्यांचा बॉक्स फोडता फोडता. मोठ्या शाळेच्या बाईंनी रुंजीला चेहऱ्यांची चित्रं दाखवली. हा कसा दिसतो? चिडलाय. ही? घाबरली आहे. हा? याला आईची आठवण येते. एकही चुकलं नाही. मग बाईंनी विचारलं, आणि तुला काय वाटतं, बाळ? रुंजी म्हणाली, मला काही नाही वाटत. बाई म्हणाल्या, किती समंजस.

"प्रवेश नक्की," केतकी म्हणाली. "तोंड गोड करा."

मी पेढा तोंडात घातला तेवढ्यात आतून रुंजीचा आवाज आला. वेळ विचारल्यावर सांगावी तसा.

"आई, दारात माझं बोट आहे."

आम्ही धावलो. बेडरूमचं दार वाऱ्याने लागलं होतं, बोट बिजागरीच्या बाजूला सापडलं होतं आणि काळंनिळं झालं होतं. ते कधी सापडलं कुणास ठाऊक. रुंजी दुसऱ्या हाताने फ्रॉकची चुणी नीट करत उभी होती. केतकीने बोट सोडवलं, फुंकर घातली, हळद लावली आणि मग तिच्या तोंडाकडे बघितलं. तोंड नेहमीप्रमाणे निवलेलं होतं.

"रड ना गं," केतकी म्हणाली.

"कसं?" रुंजीने विचारलं.

केतकी उठली आणि हॉलमध्ये जाऊन तिने पुस्तकाला नखं लावली. ते उघडेना. खाकी कागद पुढून मागे अखंड होता, त्याला कडाच उरली नव्हती. आम्ही कालथ्याची कड घालून बघितली, सुरी घालून बघितली. आतून ऊब येत होती आणि पोटात गुरगुरावं तसा आवाज. त्या रात्री पुस्तक आणखी वाढलं. माझ्या बाजूने भिंत फुगली आणि देवांचं कपाट पुढे सरकलं. मी अंग चोरून स्वयंपाकघरात जाऊ लागले.

निखिल रजा टाकून आला. फडतरे बाईंना बोलावलं. त्यांनी चपला बाहेर काढल्या, पदर आवरला आणि त्या पुस्तक आणि सोफा यांच्यामधल्या फटीतून आडव्या होऊन आत आल्या.

"कव्हर घातलंत," त्या म्हणाल्या.

"मळू नये म्हणून."

"शेवटचं पान वाचलंत का एकदा तरी?"

केतकी क्रोशाचा रुमाल सरळ करू लागली.

"कुणीच नाही वाचत हो," बाई म्हणाल्या. "पोर गप्प झालं की मिटतात. शेवटच्या पानावर अस्वल सगळं ओकून टाकतं. ते बघायची कुणाची तयारी नसते. आमच्याकडे अशी किती पुस्तकं परत आली, त्यांच्यासाठी मागची खोली घ्यावी लागली."

"हे उघडेल का?" निखिलने विचारलं.

"ज्याचं नाव आहे त्याला उघडेल."

आम्ही रुंजीला पुढे केलं. तिने हात लावला. हातात जोरच नव्हता. बोटं कागदावरून घसरली.

"मग लेबलावर दुसरं लेबल लावा," बाई म्हणाल्या. "मोठ्या माणसाचं. तो उघडेल, वाचेल, तिचं तिला मिळेल."

"आणि त्याचं?" केतकीने विचारलं.

"अस्वल उपाशी राहत नाही," बाई म्हणाल्या, आणि चहा नको म्हणून हाताने खूण केली.

निखिलने लगेच स्वतःचं नाव लिहिलं. लेबल चिकटेना. त्याने थुंकी लावली, डिंक लावला. ते सुटून फरशीवर पडायचं.

"शनिवारी येणाऱ्या माणसाचं नाही चिकटत," बाई म्हणाल्या.

केतकीने दुसरं लेबल घेतलं. नाव: केतकी, एवढं लिहून तिचा हात थांबला. ती रुंजीकडे बघत होती. "सगळं एकदम बाहेर येणार," ती म्हणाली. "ती एवढी रडणार. तेव्हा मीच अशी झाले, तर तिला जवळ कोण घेणार?"

ती बोलली ते बरोबर होतं. बरोबर बोलताना माणूस कुणाकडे बघत नाही, ते मला कळतं. ती माझ्याकडे बघत नव्हती. निखिलही बघत नव्हता. फडतरे बाई एकट्याच बघत होत्या, कारण त्यांचा यात फायदा नव्हता आणि तोटाही नव्हता.

"वहिनी तसंही..." निखिल म्हणाला आणि थांबला.

निखिलचा दादा, म्हणजे माझा नवरा, गेल्यापासून या घरात माझ्याबद्दलचं प्रत्येक वाक्य 'तसंही'ने सुरू होतं. वहिनी तसंही घरीच असतात. वहिनींना तसंही गर्दी चालत नाही.

"पुरं कर की, निखिल," मी म्हटलं. "वहिनींना तसंही काय?"

"तसं नाही, वहिनी. तुम्ही शांतच असता ना. म्हणून म्हटलं."

"वहिनी," केतकी अगदी बारीक आवाजात म्हणाली, "तुमच्याकडे पेन आहे?"

पेन तिच्याच हातात होतं. मी ते काढून घेतलं. रुंजी पाठीला दप्तर असूनही सोफ्याच्या हाताला धरून बसली होती, तरंगू नये म्हणून, आणि तिचं काळंनिळं बोट इतर बोटांसारखंच सरळ होतं. मी माझं नाव लिहिलं. इयत्तेपुढे काही लिहिलं नाही. लेबल हातातून निसटून आपणहून पुस्तकाला जाऊन चिकटलं.

कव्हराला कडा आली. मी ती धरली आणि पुस्तक दारासारखं उघडलं, सरळ शेवटच्या पानावर. अस्वल छतापर्यंत होतं. त्याचं पोट ताणून पांढरं पडलं होतं, आणि आत एक लाल वाडगा, एक सायकल, आगगाडीचा शेवटचा डबा दिसत होता. खाली एकच ओळ होती. मी ती मोठ्याने वाचली.

"अस्वल म्हणालं, घे बाई, तुझं तुला."

आधी आवाज आला. भिंतीवरचं घड्याळ, फोटो, सगळं थरथरलं. मग रुंजीचे पाय जमिनीला लागले, धप्पकन, वरवंट्यासकट. तिने बोट बघितलं आणि ती रडली. बोटासाठी, अंधारासाठी, रविवारच्या सगळ्या रात्रींसाठी. केतकी तिला कवटाळून तिच्याहून मोठ्याने रडत होती. निखिल दोघींना धरून बसला होता. पुस्तक टीपॉयवर मावेल एवढं झालं होतं.

अस्वल माझ्याकडे वळलं आणि त्याने तोंड उघडलं. मग मिटलं. मी पुस्तक फडतरे बाईंच्या पिशवीत ठेवलं, त्यांना चपला सरळ करून दिल्या आणि घरी आले. भिंत सपाट झाली होती. देवांचं कपाट जागेवर नेलं.

हिशेब असा झाला. केतकीला तिची मुलगी मिळाली. निखिलला दारात धावत येणारं कुणीतरी मिळालं. मोठ्या शाळेला जूनमध्ये टेबलाखाली बसणारी एक मुलगी मिळेल. फडतरे बाईंच्या मागच्या खोलीत एक पुस्तक वाढलं, त्याच्यावर माझं नाव आहे. भरलं ते मीच. ते जास्त झालं की कमी, हे ज्याने कळतं तेच भरलं.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडे वाडग्यावरून भांडण पेटलं. मग जिन्यात पावलं वाजली. मी चौकटीला हात टेकून दारातच उभी होते. रुंजी लालबुंद होऊन आली.

"काकू, तुझ्याशी कट्टी!" ती ओरडली आणि तिने जीव खाऊन दार आपटलं.

मी थोडा वेळ थांबले. मग तिला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हटलं, "रुंजी, दारात माझं बोट आहे."