सरुबाईचा चेहरा

प्रेमला दीक्षितांनी आयुष्यभर फोटो पाहून माणसं घडवली. संस्थापक, मुख्याध्यापक, कारखान्याचे अध्यक्ष, एखादे दानशूर शेटजी. विश्रांतवाडीच्या बंगल्यामागे त्यांची पत्र्याची शेड होती. तिथे मातीत चेहरा उभा राहायचा आणि जब्बारभाईंच्या भट्टीतून ब्राँझचा होऊन बाहेर यायचा. काम हुबेहूब असायचं. कौतुक व्हायचं ते त्याचंच, आणि टीकाही त्यावरच. त्यांच्या मागच्या प्रदर्शनाबद्दल एका समीक्षकाने लिहिलं होतं, की बाईंचं काम इतकं नेमकं असतं, की पासपोर्ट ऑफिसने त्याची दखल घ्यावी. प्रेमलाबाई ते वाचून हसल्या, पण वाक्य मनातून गेलं नाही.

त्याच वर्षी मांजरी गावच्या एका शाळेत त्यांनी केलेल्या अर्धपुतळ्याचं अनावरण झालं. भाषणं संपली, चहा झाला, आणि मंडपाच्या कडेला बराच वेळ उभी असलेली एक पन्नाशीची बाई पुढे आली.

"ह्ये तुमीच केलं का, ताई?"

"हो."

"माझ्या आईचं कराल का?"

"फोटो आहे ना?"

"फोटू न्हाय. कधी काढलाच न्हाय तिचा. पर मला दिसती ती. डोळं मिटलं की समोर हुबी राहती."

बाईचं नाव शकू. तिची आई सरुबाई तापाने गेली तेव्हा शकू पाच वर्षांची होती. पुढे मैनामावशीने, म्हणजे आईच्या विधवा बहिणीने, घरात येऊन दोन्ही लेकरं वाढवली. तीही जाऊन आता बरीच वर्षं झाली होती; फोटो तिचाही नव्हता. शेती होती, मुलं कामाला लागली होती, नातवंडं होती. कुणाच्या भिंतीवर आईचा फोटो पाहिला की शकूला कसंतरीच व्हायचं, एवढंच तिचं दुखणं होतं.

एरवी प्रेमलाबाईंनी नकार दिला असता. पण फोटोशिवाय चेहरा, ही कल्पना त्यांना सोडवेना. त्या म्हणाल्या, "तुम्ही येऊन बसाल का माझ्याकडे?"

शकू बसने यायची. दोन बस बदलून, पिशवीत कधी भुईमुगाच्या शेंगा, कधी उसाची कांडकी घेऊन. स्टुलावर बसायची, पदर सावरायची आणि डोळे मिटायची. प्रेमलाबाई विचारायच्या, ती सांगायची.

"कपाळ?"

"लहान. केस पार खाली आलेलं."

"हसताना?"

"मोठ्यानं न्हाय हसायची. ह्या बाजूचा ओठ नुसता वर जायचा."

मग ती डोळे उघडून मातीकडे बघायची आणि मान हलवायची. पुन्हा डोळे मिटायची. हळूहळू ती स्वतःच उठून मातीला हात लावू लागली. गालाला अंगठ्याने दाबून म्हणायची, "हितं खळगा नगं, भरल्यालं होतं." प्रेमलाबाईंनी इतक्या वर्षांत कुणाला आपल्या मातीला हात लावू दिला नव्हता. आता त्या बाजूला सरून उभ्या राहत. आपल्या बोटांना कधी इतकं काही कळलं नव्हतं, असं त्यांना वाटे.

एका दुपारी शकूने डोळे उघडले आणि या वेळी मान हलवली नाही. म्हणाली, "हीच." आणि पदरात तोंड घालून रडली.

मातीवरून साचा निघाला, साच्यातून मेणाचा चेहरा, आणि मग जब्बारभाईंनी भट्टी पेटवली. ओतकामाला शकू हजर होती. जब्बारभाई तिला म्हणाले, "आक्का, लांब उभ्या राहा. इथं आईपण भाजते." ती हसली, तेव्हा तिचा ओठ एका बाजूने वर गेला. ते प्रेमलाबाईंच्या ध्यानात आलं, आणि आपण योग्य जागी पोचलो आहोत याची त्यांना खात्री पटली.

दोन प्रती ओतल्या. एक शकूची, एक प्रदर्शनासाठी.

प्रदर्शनात 'सरुबाई' मधोमध ठेवली होती. भोवतालचे सगळे अध्यक्ष आणि संस्थापक तिच्यापुढे एकदम गप्प वाटत होते. तोच समीक्षक आला, तिच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "या वेळी मला बोलायला काही ठेवलं नाहीत." दिल्लीच्या एका संग्रहालयाच्या लोकांनी दुसऱ्याच दिवशी तो पुतळा, प्रदर्शन संपल्यावर नेण्यासाठी, मागून ठेवला. माहितीपुस्तकाच्या मुखपृष्ठावरही सरुबाईच होती. साठीला टेकलेल्या प्रेमलाबाईंना पहिल्यांदाच कुणी 'कारागीर' न म्हणता 'कलावंत' म्हटलं.

शेवटच्या दिवशी शकू तिच्या थोरल्या भावाला घेऊन आली. संपत तिच्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. मार्केट यार्डात त्याचा कांद्याचा गाळा होता. तो तसाच, टोपी आणि धुळीच्या चपलांसह आत आला. शकू त्याचा हात धरून त्याला पुतळ्यासमोर घेऊन गेली.

संपतने समोरून पाहिलं, बाजूने पाहिलं.

"काम लई झ्याक हाय," तो प्रेमलाबाईंना म्हणाला. मग शकूकडे वळला. "पर ही मैनामावशी हाय की गं."

शकू हसली. "दादा, नीट बघ."

"नीटच बघतुया. आयचं तोंड लांबट होतं. कपाळ मोठं. त्यो ओठ वर जायाचा, त्यो मावशीचा."

"मावशी येगळी होती."

"तू पाच वर्साची होतीस, शके." तो हळूच बोलला. तिला दुखवायची त्याची इच्छा नव्हती, हे त्याच्या आवाजात ऐकू येत होतं. "जिनं जेवू घातलं तिचंच तोंड ध्येनात राहणार."

शकूने तिथेच उभं राहून डोळे मिटले. प्रेमलाबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. तिने डोळे उघडले, पुन्हा मिटले. मग म्हणाली, "आता ह्योच दिसतुया, ताई. ह्यो पितळंचा."

प्रेमलाबाईंनी हात टेकले नाहीत. त्या म्हणाल्या, आपण पुन्हा करू. संपतरावांनी यावं, सांगावं. दोघं विश्रांतवाडीला आली. नव्या मातीसमोर संपत स्टुलावर बसला आणि ठामपणे सांगू लागला. लांबट तोंड. मोठं कपाळ. प्रेमलाबाईंनी तसं केलं. तो बघून म्हणाला, "न्हाय, असं न्हाय." मग कसं? तो थांबला. नाक सांगायला गेला आणि मध्येच गप्प झाला. पुढच्या खेपेला त्याने आधीच्या खेपेच्या उलट सांगितलं. त्यानंतरच्या खेपेला त्याने मातीकडे पाहिलं आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मलाबी आता तुमचीच दिसती," तो म्हणाला. "तुमचं काम लई पक्कं हाय, बाई."

आधीच्या एखाद्या वर्षी हे कौतुक त्यांनी आनंदाने घेतलं असतं. आता त्यांना त्या दोघांपैकी कुणाकडेही बघवेना. शकू तर काही सांगतच नव्हती. विचारलं की म्हणायची, "तुमाला योग्य वाटंल तसं करा." माती वाळून तडकू लागली, तेव्हा प्रेमलाबाईंनी तो गोळा मोडून पुन्हा पिंपात टाकला.

एकदा शकूने जब्बारभाईंना विचारलंही, की पुतळा पुन्हा वितळवता येतो का.

"येतो की," जब्बारभाई म्हणाले. "सांगा, उद्या वितळवतो. पण आक्का, मग तुमच्याकडं काय उरणार?"

शकूने पुतळा घरी नेला.

पितृपंधरवड्यात नवमीला तिने प्रेमलाबाईंना जेवायला बोलावलं. नवऱ्याच्या आधी सवाष्ण गेलेल्या बायकांची ती तिथी. मांजरीच्या घरात पुढच्या खोलीत चौरंगावर पुतळा ठेवला होता. नातवंडांनी त्याला झेंडूचा हार घातला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला तीच मुलं सांगत होती, ही आमची पणजी सरुबाई. संपतही आला होता. दाराशी खुर्ची घेऊन बसला होता.

शकूने हळदीकुंकवाची कोयरी उघडली. बोटाला कुंकू घेतलं आणि पुतळ्याच्या कपाळापाशी तिचा हात थांबला.

प्रेमलाबाईंच्या लक्षात यायला क्षणभर लागला. सरुबाई असली तर कुंकू लावायलाच हवं. मैना असली तर लावता येत नाही. ती लग्नानंतर वर्षभरातच विधवा झाली होती. जन्मभर कोऱ्या कपाळाने वावरली होती.

शकूने मागे वळून भावाकडे पाहिलं. संपतने मान खाली घातली. मग ती प्रेमलाबाईंकडे वळली.

"तुमी केलंय, ताई. तुमीच सांगा. कोन हाय ही?"

पन्नासेक चेहरे केले असतील त्यांनी. प्रत्येकाखाली नाव कोरलं होतं आणि एकदाही हात अडखळला नव्हता. दिल्लीत आता याच चेहऱ्याखाली पितळी पट्टीवर 'सरुबाई' लिहिलेलं होतं, आणि ते बदलायला सांगावं तर काय करायला सांगायचं, हे त्यांना कळत नव्हतं.

"मला माहीत नाही, शकूबाई," त्या म्हणाल्या.

शकू तशीच उभी राहिली. स्वयंपाकघरातून सुनेने विचारलं, पानं घ्यायची का. मग शकूने बोट पुढे केलं आणि कपाळाला टेकवलं. गुळगुळीत धातूवर कुंकू नीट बसलं नाही, थोडं नाकावर सांडलं. ते तिने पदराने पुसलं. पुसताना गाल, ओठ, हनुवटी, सगळ्यावरून हळूहळू पदर फिरवला, आणि डोळे न मिटता म्हणाली, "चला, पानं वाढा."

तिघं जेवायला बसली. संपतने ताटातली खीर दोनदा मागून घेतली.